साडेसात नंबरच्या शाळेचे गुरुजी

लातूरच्या गंजगोलाईत भांडी विकणारा आमचा मल्लिनाथ नांदेडात शिक्षक कसा झाला, ते मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेवर गल्लीतलं कुत्रंसुद्धा वळून बघत नाही, पण म्हणून घडलेलं काही न घडलेलं होत नाही.

मल्लिनाथ म्हणजे वीरण्णांचा थोरला. वय त्रेपन्न. दिवसा पितळेच्या घागरी विकायच्या आणि दिवे लागले की नाटकाच्या तालमीला जायचं, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. काम मात्र कायम विनोदी. पहिल्या अंकात घसरून पडायचं, दुसऱ्या अंकात बायकोच्या शिव्या खायच्या, तिसऱ्या अंकात पुन्हा पडायचं. पडायचा मात्र असा, की एकदा उदगीरला पहिल्या रांगेतले दोन डॉक्टर स्टेजवर धावून आले आणि तिसऱ्यानं तोवर प्लास्टर भिजवायला घेतलं होतं.

लोक पोट धरून हसायचे. घरी त्याची आई गुरम्मा तेवढी हसायची नाही. ऐंशी ओलांडलेली बाई, पण जीभ धारेची.

"लेकरा, पडायला काय, आमचा बैल बी पडायचा," ती म्हणायची. "एकदा माणसं रडवून दाखव. मग म्हणीन माझं लेकरू नट हाय."

हे वाक्य मल्लिनाथच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. मला नेहमी म्हणायचा, "अण्णा, मला मोठं काम नको. एक प्रवेश पायजे. एकच. ज्यात मी पडणार न्हाई."

तो प्रवेश घेऊन सृष्टी आली. पोरगी भोकरची, मुंबईला जाऊन मालिका काढायला शिकलेली. तिनं नांदेडात एक विनोदी मालिका करायला घेतली, नाव 'साडेसात नंबरची शाळा'. गोष्ट साधी. भर शहरात दोन उंच इमारतींच्या मधे चेंगरलेली नगरपालिकेची शाळा, बेचाळीस पोरं आणि एकटे गुरुजी. पोरं गुरुजींपेक्षा हुशार, पालक पोरांपेक्षा उपद्व्यापी. दर रविवारी सकाळी साडेदहाला एक भाग, असे बावन्न भाग ठरले. सृष्टीनं मल्लिनाथला उदगीरला पडताना बघितलं होतं. तिनं त्यालाच गुरुजी केलं आणि मालिकेतल्या गुरुजींचं नावसुद्धा मल्लिनाथच ठेवलं. म्हणाली, "काका, असं केलं की बघणाऱ्याला खरं वाटतं."

आणि तिनं सांगितलं, "शेवटच्या भागात शाळा बंद पडते. रिकाम्या वर्गात तुमचं चार पानी भाषण. तिथं हसू न्हाई. तिथं सगळा महाराष्ट्र रडला पायजे."

मल्लिनाथनं पहिला भाग पाठ करायच्या आधी ती चार पानं पाठ केली. लातूरहून नांदेडला जाताना बसमध्ये तो ती पुटपुटायचा. चाकूर गेलं की शेजारचा डोळे पुसायला लागायचा. अहमदपूरला उतरणारी माणसं तर उतरायचं विसरून लोह्यापर्यंत यायची.

शूटिंगला नांदेडच्या इतवारा बाजारामागच्या एका बोळातली खरीखुरी शाळा मिळाली, उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती. हेडबाई वर्षाराणी मॅडम आणि शिक्षक शरणप्पा, ही तिथली खरी माणसं. वर्गात गुरुजींचे फोटो लावायचा हुकूम मागं निघाला होता, त्याप्रमाणं भिंतीवर शरणप्पाचा फोटो होता. सृष्टीच्या माणसांनी तो काढून कपाटात ठेवला आणि मल्लिनाथचा लावला, खाली ठळक अक्षरात 'श्री. मल्लिनाथ गुरुजी'. शरणप्पा बघत होता. म्हणाला, "चांगलं दिसायलंय. माझ्यापेक्षा जास्त मास्तर वाटायलाव तुम्ही."

नेमकं त्याच आठवड्यात मतदार यादीचं काम निघालं. दर शाळेमागं एक शिक्षक पाहिजे होता, घरोघर जाऊन नावं तपासायला. कचेरीचं नाव घेत नाही. सगळ्या कचेऱ्यांचा रंग एकच असतो. तिथला माणूस नेमका शूटिंगला सुट्टी होती त्या दिवशी शाळेत आला. शाळेत कुणी नाही. भिंतीवर फोटो, फोटोखाली नाव. त्यानं नाव उतरवून घेतलं आणि गेला.

पुढच्या गुरुवारी शूटिंग रंगात आलं होतं. मल्लिनाथ गुरुजी गणित शिकवत होते, पोरं त्यांना उलटं शिकवत होती, कॅमेरा चालू होता. तेवढ्यात दारातून खाकी कपड्यातला शिपाई आत आला, हातात कागद.

"मल्लिनाथ गुरुजी कोण?"

आता सृष्टीला एक खोड होती. नटांना न सांगता मधेच कुणाला तरी वर्गात पाठवायची, म्हणजे चेहऱ्यावर खरं आश्चर्य उमटतं म्हणून. कधी शेळी पाठवली होती, कधी कुल्फीवाला. मल्लिनाथला वाटलं, हा तसलाच. तीस वर्षांचा नट तो, 'कट' ऐकल्याशिवाय थोडाच थांबतोय?

"मीच तो अभागी!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

"ह्यावर सही करा. पोच पायजे."

मल्लिनाथनं पहिल्या बाकावरच्या पोराला वाकवलं, त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि लांबलचक सही केली, खाली 'शिक्षक' असं लिहून दोन रेघा ओढल्या. मग पोरांकडं वळून म्हणाला, "पोरांनो, सरकारी कागद आला की समजावं, आता तुमचा गुरुजी कामातून गेला!" आणि असा पडला, की फळा हलला.

बेचाळीस पोरं हसली. शिपाईसुद्धा हसत गेला. सृष्टी ओरडली, "वा काका!" आणि ते सगळं जसंच्या तसं चौथ्या भागात घेतलं. कागद गुरुजींच्या कोटाच्या खिशात राहिला आणि कोट खुंटीवर.

चौथा भाग टीव्हीवर लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा कागद आला. कामावर हजर न झाल्याबद्दल खुलासा करा, नाहीतर गुन्हा दाखल होईल.

मल्लिनाथ कचेरीत गेला. तिथं किशनराव नावाचा कारकून पंख्याखाली बसून होता. पंखा फिरत नव्हता, पण बसायची जागा तीच होती.

"साहेब, मी शिक्षक न्हाई," मल्लिनाथ म्हणाला.

"हाव का? बसा गुरुजी."

"म्हणजे खरंच न्हाई. मी नट हाय. लातूरला भांड्याचं दुकान हाय माझं."

"गुरुजी, सकाळी एकजण म्हणला मला दमा हाय. परवा एकजण म्हणला मला कुत्रे चावतेत. पण मी शिक्षकच न्हाई, हे तुम्हीच पहिल्यांदा काढलाव. डोकं चालतंय तुमचं."

"टीव्हीवर बघा की, दर रविवारी साडेदहाला!"

किशनरावनं चष्मा कपाळावर चढवला. "बघितलंय. काल चौथा भाग होता. त्यात तुम्ही आमच्या शिपायाकडून हुकूम घेतलाव, सही केलाव, वरून पडून दाखवलाव. अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं. आता मी वर काय कळवू, पोच मिळाली न्हाई म्हणून?"

"अहो, ते खोटं होतं!"

"सही खोटी? मग तर कलमच दुसरं लागतंय."

किशनराव मनाचा वाईट नव्हता. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाला, "एक इलाज हाय. हेडबाईंचं पत्र आणा, की ह्या नावाचा शिक्षक आमच्या शाळेत न्हाई. दोन मिनिटात नाव काढतो."

मल्लिनाथ उन्हात धावत शाळेत आला. वर्षाराणी मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अप्पा, दाखला मी हजेरीपटावरच्या माणसाचा देते," त्या म्हणाल्या. "जो माणूस पटावर न्हाईच, त्याचा दाखला कुठल्या आधारावर देऊ?"

"पण मॅडम, मी पटावर न्हाई, हेच तर लिहून पायजे!"

"आणि त्यांनी विचारलं, मग वर्गात फोटो कसा? फोटोला परवानगी मी दिली. दोन वर्षांत रिटायर होणार मी. माझं पेन्शन तुमच्या फोटोला टांगू का?"

राहता राहिला शरणप्पा. शाळेत दुसरा पुरुष शिक्षक नव्हता. हे काम खरं म्हणजे त्याचंच होतं. त्यानं कचेरीत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की तो मी आहे. मल्लिनाथनं त्याला बोळाच्या तोंडावरच्या हॉटेलात गाठलं, चहा सांगितला. शरणप्पानं विषय ओळखला होता. तोच आधी बोलला.

"अप्पा, अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीला. माणसं मोजली, गुरं मोजली, संडास मोजले. पोलिओचे थेंब पाजत बोळाबोळानं फिरलो. कुठलंबी काम निघालं की पहिलं नाव माझं. ह्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कुणी बोलावलं न्हाई. बायकोला घेऊन कपिलधारला दर्शनाला जाऊन आलो. ती म्हणली, लग्नानंतर पहिल्यांदाच चार दिवस सलग दिसलाव." त्यानं बशीतला चहा तसाच ठेवला. "तुम्ही म्हणलाव तर उद्या जाऊन सांगतो. पण म्हणू नका की."

मल्लिनाथनं दोन चहाचे पैसे दिले आणि उठला.

रात्री त्यानं बायकोला, शिवकांताला, फोन केला. दुकान तीच सांभाळत होती. तिनं 'गुन्हा' हा एकच शब्द ऐकला.

"अहो, गुन्हा-बिन्हा नको बाई आपल्याला. तेवढ्या घरात जाऊन या की. दुकानात बी दुसरं काय करता? गिऱ्हाईकाला आजोबाचं नाव विचारत बसता."

असा आमचा मल्लिनाथ कामावर रुजू झाला. अकराशे घरं, मे महिना, नांदेडचं ऊन. त्या साली ऊन इतकं होतं, की दुपारी गोदावरीच्या घाटावर माणसं आपापल्या सावलीला पाणी पाजताना मी स्वतः बघितलीत.

आणि उन्हापेक्षा मोठा त्रास वेगळाच. पहिल्याच घरी दार उघडणारा म्हातारा म्हणाला, "अरे, हे तर टीव्हीवरचे पडणारे गुरुजी! एकदा पडा की."

"बाबा, आधी आधार कार्ड दाखवा."

"आधी पडा."

मल्लिनाथ ओट्यावर पडला. म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या आणि कार्ड आणून दिलं. बोळात बातमी फुटायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दारी बायका आधीच पदर खोचून उभ्या. तिसऱ्या दारी पोरं शेजारच्यांना बोलवायला पळाली. चौथ्या दारी कुणीतरी माणुसकी म्हणून पोतं अंथरलं होतं. पडल्याशिवाय कुणी कागद दाखवीना. रोज तीस-चाळीस वेळा पडून संध्याकाळी तो लॉजवर यायचा, गुडघ्याला हळद लावायचा आणि आरशासमोर ती चार पानं म्हणायचा. म्हणता म्हणता झोपायचा.

तिकडं शूटिंगची दैना. गुरुजी सकाळी सातला यायचे, नऊला पिशवी घेऊन पळायचे. सृष्टीनं दोन भाग गुरुजींशिवाय लिहिले: गुरुजी कामावर गेलेत, पोरं एकटीच वर्गात. पोरं काय करणार? आधी दंगा केला, मग कंटाळली, मग कॅमेऱ्यासमोर खरोखर झोपली. बघणाऱ्यांनीही तेच केलं. नवव्या भागानंतर चॅनलचा निरोप आला. अकराव्या भागाला मालिका गुंडाळा.

सृष्टी मल्लिनाथला शोधत बोळात आली, तेव्हा तो एका दारात नुकताच पडून उठत होता.

"काका, बंद झाली आपली शाळा," ती म्हणाली. डोळे भरलेले होते, पण भोकरचं पाणी, खाली पडू दिलं नाही. "पण तुमचा प्रवेश मी सोडणार न्हाई. मंगळवारी शेवटचा दिवस. चार पानं, पुरी. त्यानंतर इमारत बी परत द्यायची हाय आणि कॅमेरा बी. मंगळवार चुकवू नका."

"मेलो तरी येतो," मल्लिनाथ म्हणाला.

शनिवारी कचेरीतून कागद आला. मंगळवारी सकाळी दहाला आढावा बैठक. गैरहजर राहणाऱ्यावर कारवाई.

तो किशनरावकडं गेला. हात जोडले. "साहेब, एक दिवस. आयुष्यात पुन्हा काही मागणार न्हाई. मंगळवार सोडा."

किशनरावलाही वाईट वाटलं. "गुरुजी, रजेचा अर्ज द्या. मी अडवत न्हाई. फक्त तो हेडबाईंच्या मार्फत आला पायजे."

हेडबाईंच्या मार्फत! मल्लिनाथ हसला. आईशप्पथ, हसला. ते हसू बघून किशनराव घाबरला आणि म्हणाला, "असं करा, मागच्या खुर्चीवर बसा. दोनपर्यंत संपतंय. तीनला तुमच्या टीव्हीत जा."

मंगळवारी मल्लिनाथ गुरुजींचा सदरा घालून, कपाळाला विभूती लावूनच बैठकीला गेला, म्हणजे कपडे बदलण्यात वेळ जायला नको. सृष्टीला त्यानं तीनचा शब्द दिला. दारात सगळ्यांचे फोन एका टोपलीत गोळा केले. दहाला येणारे मोठे साहेब बाराला निघाले, दोनला निघाले, चारला पोचले. मधे एकदा मल्लिनाथ उठला, तर दारातला शिपाई म्हणाला, "गुरुजी, बैठक संपल्याशिवाय कुणाला सोडायचा हुकूम न्हाई. फोनची टोपली बी कुलपात हाय आणि चावी साहेबाच्या गाडीत हाय." तो परत येऊन बसला. ओठ हलत होते. शेजारचे शिक्षक म्हणाले, जप करायलेत वाटतं.

साडेसहाला त्याच्या भागाचं नाव पुकारलं. साहेबानं कागद बघितला. "अकराशे घरं, एकही तक्रार नाही? कसं केलंत?"

"पडत पडत, साहेब," मल्लिनाथ म्हणाला. सभागृह हसलं. साहेब हसले. टाळ्या पडल्या.

तो शाळेत पोचला तेव्हा दिवे गाडीत चढवून झाले होते. वर्ग रिकामा. पायरीवर शरणप्पा बसला होता, अंगात गुरुजींचा कोट. त्याच्या मानेला आणि कानांमागं रंग लावलेला होता, तोंडाला नव्हता.

"अप्पा, तिनं साडेपाचपर्यंत वाट बघितली," शरणप्पा खाली बघून म्हणाला. "उजेड चालला होता. मग म्हणली, सर, तुम्ही पाठमोरे उभे राहा. बोलायचं काही न्हाई. शाळेचा शेवटचा दिवस असल्यावर तुम्ही जे कराल ते करा. मी आपलं केलं." तो थांबला. "मी न्हाई म्हणायला पायजे होतं का?"

मल्लिनाथ त्याच्या शेजारी बसला. "न्हाई हो," तो म्हणाला. "तुमचीच शाळा हाय."

रविवारी साडेदहाला आम्ही सगळे लातूरला मल्लिनाथच्या घरी जमलो. मी, शिवकांता, गल्लीतली दहा-बारा माणसं. गुरम्माला खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ठेवलेली. मल्लिनाथनं मला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. बाकी कुणाला नाही. कसं सांगणार?

शेवटचा प्रवेश आला. पडद्यावर रिकामा वर्ग. गुरुजी पाठमोरे. हातात डस्टर. फळा पुसायला सुरुवात केली, वरून खाली, सरळ पट्टे. एका कोपऱ्यात कुणा पोरानं काढलेलं चित्र होतं. तिथं हात थांबला. चित्राभोवतीचं सगळं पुसलं, चित्र तसंच ठेवलं. मग गुरुजी खिडकीशी गेले, डस्टर बाहेर काढून गजावर दोनदा आपटलं, पांढरी धूळ उजेडात उडाली. जाता जाता एक वाकडं बाक सरळ केलं. दाराशी आले, बाहेर पाय ठेवला, आणि सवयीनं मागं हात करून दिव्याचं बटण बंद केलं. बस. एक शब्द नाही.

शिवकांता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. समोरचा किराणावाला, जो स्वतःच्या बापाच्या मातीला रडला नव्हता, तो नाक शिंकरायला लागला. मी मल्लिनाथकडं बघितलं. तो टीव्हीकडं बघत होता. नट होता ना तो. त्याला कळलं होतं, की त्या चार पानांनी हे झालं नसतं.

गुरम्मानं डोळे पुसले, हात लांब करून त्याचा गाल चाचपला.

"आज नट झालास लेकरा," ती म्हणाली. "आज रडवलंस बघ मला."

"अव्वा..."

"आणि तोंड दाखवलं न्हाई म्हणून काय झालं? पाठीवरनं बी ओळखते मी माझ्या लेकराला. तीच मान, तेच खांदे. तुझ्या बापासारखी चाल. दुसऱ्या कुणाची असती तर मला लगेच कळलं असतं."

सगळी माणसं मल्लिनाथकडं बघत होती. किराणावाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मल्लिनाथनं माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर मी थापा मारत आलो, पण त्या घडीला एकही सुचली नाही. मी चपला शोधायला लागलो.

"हाव अव्वा," तो म्हणाला. "मीच हाय तो."